साबर बोंडं: सुतकातली प्रेमकथा

चिंचपोकळी स्टेशनातून लालबागकडे चालत निघालं की भारतमाता सिनेमा लागतो. गिरणगावातल्या कितीतरी पिढ्यांनी मराठी चित्रपट इथं पाहिला. दोन पुरुषांचं प्रेम मात्र त्या पडद्यावर फार क्वचित आलं. १९८२ च्या 'उंबरठा' चित्रपटात महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचं असं नातं दिसलं, तेही ओझरतं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटानं जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलं. वडील गेल्यावर मुंबईतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. लग्नाचं कधी, हा प्रश्न तिथंही पाठ सोडत नाही. बालपणीचा मित्र बाळ्या शेतात राबतो. त्याच्यामागेही तोच तगादा. दोघं हळूहळू जवळ येतात. पार्श्वसंगीत नाही, आरडाओरडा नाही. आणि आईला मुलाचं मन ठाऊक आहे, हे विशेष!

जगभरच्या अशा अनेक कथांचा शेवट मृत्यूत किंवा ताटातुटीत होतो. इथं शोकातूनच माया उगवते.

कानवडे मूळचे इंटिरिअर डिझायनर, मुंबईतच वाढलेले. चित्रपटाच्या नावातली साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लालबुंद, गोड फळं. बाळ्या ती आनंदसाठी आणतो.