बसावयाची जागा

याकोबाच्या पत्रांत एक साधा प्रसंग आहे. सभेंत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला, त्यास मानाची जागा. मळक्या वस्त्रांतला आला, त्यास पायांशीं. असें करणारांस याकोबानें दोषी ठरविलें आहे.

आतां आपल्या देशांत काय झालें तें ऐका. तंजावराकडील ख्रिस्ती मंडळ्यांत वेल्लाळ जातीचे लोक पुढें बसत, परैया निराळे. प्रभुभोजनासही वेल्लाळ आधीं! १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं, हा भेद तात्काळ बंद करा, असा हुकूम सोडला. तेव्हां पुष्कळ वेल्लाळ निघून गेले. देऊळ सोडवलें, जात सोडवेना!

त्यांस हंसूं नका. आम्हीही ख्रिस्ती, वीस वर्षें तेंच पत्र वाचीत आलों. तरी आमच्या वर्गांत पाटलांचीं मुलें टेबलाजवळ आणि गांवकुसाबाहेरचीं दाराशीं बसत. गेल्या महिन्यांत एका मुलीनें कारण विचारलें, तेव्हां आमची मान खालीं गेली. सोमवारीं आम्ही जागा बदलल्या. दोन पालक भांडून गेले. उद्यां आणखी येणार आहेत. तुमच्यापैकीं कोण शाळेंत येऊन आमच्याजवळ उभे राहतील?