एक्स-रेवर सांडलेली बाजरी

(रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेच्या सभागृहात एका रहिवासी रेडिऑलॉजिस्टने दिलेल्या भाषणाचा मजकूर)

'डॉक्टर, थोडक्यात आणि सोप्या भाषेत,' अशी सेक्रेटरींची तंबी आहे, म्हणून एकच विषय घेते.

फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटलं की एक्स-रेवरचा मोठा पांढरा गोळा डोळ्यांसमोर येतो. पुष्कळदा तसंच असतं. पण कधी कधी मूळ गाठ लहान राहते आणि रक्तावाटे दोन्ही फुफ्फुसांत १ ते ३ मिलिमीटरचे असंख्य ठिपके पसरतात, अगदी बाजरी सांडल्यासारखे. आम्ही याला 'मिलिअरी' म्हणतो. लॅटिनमधल्या 'मिलियम' या बारीक धान्याच्या नावावरून हा शब्द आला.

आपल्याकडे असा फोटो दिसला की पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. मिलिअरी टीबी थांबत नाही, त्यामुळे औषध लगेच सुरू करावं लागतं. त्यात थुंकीत जंतू पुष्कळदा सापडतही नाहीत. पंचाईत इथेच होते. खोकला, दम, वजन उतरणं दोन्हींत सारखंच, आणि सीटी स्कॅनवरचे ठिपकेही जवळपास सारखे. फोटो आजाराची जागा दाखवतो, नाव सांगेलच असं नाही.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. आयुष्यात सिगारेट नाही. चार महिने टीबीच्या गोळ्या नेमाने घेतल्या, तरी ठिपके वाढलेलेच. दुर्बिणीतून तुकडा काढायला घरचे तयार नव्हते, 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' म्हणून. अहो, तो आधीच पसरला होता! तपासणीत अॅडिनोकार्सिनोमा निघाला आणि 'ईजीएफआर' या जनुकातला बदलही. अशा बाजरीसारख्या पसरण्यात हा बदल बऱ्याचदा सापडतो. त्यावर रोजची गोळी असते. आजार मुळापासून जात नाही, पण दम कमी होतो, माणूस हिंडू-फिरू लागतो.

दुसरा एक प्रकार लसिकावाहिन्यांतून पसरतो. त्यात एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो आणि दम मात्र वाढत जातो. जाड झालेल्या रेषा सीटीवर दिसतात.

म्हणून टीबीचा पुरावा मिळालेला नसेल आणि औषधाने महिना-दोन महिन्यांत उतार नसेल, तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, 'तुकडा तपासायचा का?' आणि जाताना जुने एक्स-रे पिशवीत टाका. ठिपके आधी होते का, किती वाढले, हे आम्हाला त्यावरूनच कळतं.