धाड भरायची वाट कशाला?



आपल्या सावनेर तालुक्यात संत्र्याच्या बागा पुष्कळ. पावसाळा तोंडावर आला की बागाईतदार झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावतो. झाड हिरवंगार असतं, तरीही लावतो. डिंक्या एकदा खोडात शिरला की झाड हातचं जातं, हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याच घरातल्या बाईला मात्र 'एकदा तपासून घे' म्हटलं, की उत्तर ठरलेलं : 'मले काय धाड भरली?'

मीही हेच म्हणत होते. आरोग्यसेविका म्हणून गावोगावच्या बायांचा रक्तदाब मी वर्षानुवर्षं मोजला. चाळिशी उलटल्यावर एका शिबिरात यंत्र नीट चालतं का हे पाहायला पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. आकडा आला १७० वर ११०. वाटलं, यंत्रच बिघडलं. दुसऱ्या यंत्रानंही तेच दाखवलं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच कळू देत नाही. आतल्या आत हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडं खराब करतो. तेव्हापासून गोळी सुरू आहे आणि जेवणातलं लोणचं-पापड कमी झालं आहे.

दुखणं अंगावर काढण्याची ही सवय माझी एकटीची नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के! बाकीच्या सोसत होत्या, कारण हे बोलायचं नसतं असं त्यांना शिकवलं होतं.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. सोबत हिमोग्लोबिनही पाहावं. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असलं, तर तो रक्तक्षय. धाप लागते, पाय ओढतात, आणि आपण म्हणतो, 'कामानं थकली.'

दुसरी तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. नर्सताई तिथे सौम्य आम्ल लावतात आणि मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. डाग दिसला म्हणजे कर्करोगच असं नव्हे. पुढची तपासणी मात्र करायची. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या गटाला दर दोन वर्षांनी ही साधी तपासणी मिळाली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. सरकारी आरोग्यसेवेत तिशीनंतर रक्तदाब, साखर, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीची सोय आहे. आपल्या आशाताईंना विचारा. स्तनात गाठ लागली, किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आता ताटाकडे वळू. लोहासाठी हिरव्या पालेभाज्या, हरभरा, डाळी आपल्याकडे आहेतच. त्यावर लिंबू पिळा किंवा सोबत संत्रं खा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर ते वाया जातं, तासभर थांबा. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाण्यापेक्षा सर्वांबरोबर ताटावर बसा. शेतात राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम नको, पण दिवसभर बसून काम करणारीनं अर्धा तास भरभर चालावं. तंबाखूची मशेरी, खर्रा सुटत नसेल तर तेही नर्सताईंना मोकळेपणानं सांगा.

शेवटची एक विनंती. एकटीला जायला लाज वाटते, म्हणून जाणं राहून जातं. जाऊबाईला, शेजारणीला सोबत घ्या. सासूबाईंनाही न्या, त्यांचं तर कुणीच तपासलेलं नसतं. घरच्या कॅलेंडरवर दुधाचा, गॅसचा हिशेब लिहिता ना? त्याच्याच शेजारी तपासणीची तारीख आजच लिहून ठेवा.