चिंचेखालचे गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाईंनी सांगितले, "गाण्याच्या उत्सवात एक दिवस काढलास, तो जसा झाला तसा सांग." म्हणून चार शब्द बोलायला उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गोष्ट २०१६ सालच्या मे महिन्यातली. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस असतो. तो चांद्र तिथीवर चालतो, म्हणून दरवर्षी थोडा अलीकडे येतो. त्या वर्षी तो ऐन उन्हाळ्यात आला होता. उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात गाणे होते. वर आभाळ, खाली सतरंजी आणि गायला मोठमोठे कलावंत.

माझी लेक तेव्हा आठवीत होती. तिने गाण्याच्या क्लासचा हट्ट धरला होता आणि मी तिला, "आधी दहावी होऊ दे" म्हणून गप्प करीत होते. खरे सांगते, मला स्वतःला लहानपणी गाण्याचे फार वेड होते. सातवी झाली, शाळा सुटली आणि त्याबरोबर गाणेही सुटले. पुढे तोंडातून सूर निघाला तो पाळण्यापुरता. जे आपल्याला मिळाले नाही ते लेकीला द्यावे, असे आई म्हणून वाटायला हवे होते. पण माझ्या मनात उलटेच येई, 'माझे काय अडले? हिचेही अडणार नाही.' आज हे बोलताना लाज वाटते, पण तसे होते खरे.

मिरजेच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या आतेसासूबाईंचा निरोप आला, "पोरीला घेऊन ये, गाणे ऐकवते." सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं? आणि दर्ग्यात रात्री बसायचं? लोक काय म्हणतील?" हे मात्र म्हणाले, "आत्याच्या घरी तर जाताय. जाऊन या." मग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही मायलेकी कोल्हापूरहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो.

मिरज स्टेशनात पाण्याच्या वाघिणी उभ्या दिसल्या. तो दुष्काळाचा उन्हाळा. त्याच एप्रिलपासून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला जात होते. पहिल्या गाडीने १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी नेले होते. डब्यातली एक म्हातारी गाडीला हात जोडून म्हणाली, "कुणाच्या तरी घागरीत पडंल." लेकीने हातातल्या बाटलीचे झाकण घट्ट लावले.

दुपारी आत्याबाईंनी आम्हाला तंतुवाद्यांच्या गल्लीत नेले. तिथे दारोदार मोठे वाळलेले भोपळे टांगलेले. हा धंदा करणारी शिकलगारांची घराणी. पूर्वी हत्यारांना धार लावायची त्यांची कामगिरी, तेच हात पुढे सतार-तंबोऱ्याकडे वळले. एक वृद्ध कारागीर घोडीवर कानस फिरवीत आणि तारेखाली सुताचा धागा सरकवीत बसले होते. याला जवारी काढणे म्हणतात. धागा केसभर सरकला, आणि मघाशी ठक्क वाजणारी तार एकदम गुंजू लागली. लेक तिथून हलेना. मिरजेच्या या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला तेच हात आठवले.

संध्याकाळी दर्ग्यात गेलो. दिवसभर तापलेली फरशी अजून पायाला चटका देत होती. आत्याबाईंनी सांगितले, इथे चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान आहे. आवारात हळदीकुंकू लावलेल्या बायका होत्या, बुरख्यातल्या होत्या, खेड्यातून पोरेबाळे घेऊन आलेल्याही होत्या. माझ्या मनातली 'लोक काय म्हणतील' ही धास्ती तिथेच निवाली. लोक तर सगळे इथेच आले होते!

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेत राहिले, १९३७ साली वारले आणि याच दर्ग्यात त्यांना मूठमाती मिळाली. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. हिराबाई बडोदेकर ही खाँसाहेबांची कन्या. घरंदाज बाईने चारचौघांत गाऊ नये अशा काळात त्या तिकीट लावून जाहीर जलशात गायल्या. आत्याबाई हे सांगत होत्या आणि मी मान खाली घालून ऐकत होते.

रात्री चिंचेच्या झाडाखाली गाणे रंगले. राग कोणता ते मला कळले नाही. एक बाई गात होत्या, माझ्याच वयाच्या. एका सुरावर त्या थांबल्या, आणि तो सूर संपेचना. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी वाहू लागले, कळलेच नाही. लेकीने हळूच विचारले, "आई, तुला बरं नाही का?" मी म्हटले, "बरं आहे. जूनपासून क्लासला जा."

परत आल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. क्लासची फी मी भिशीतून भरली. पुढच्या वर्षी त्याच गल्लीतून दुरुस्त केलेला जुना तंबोरा आणला. लेक काही मोठी गायिका झाली नाही, आज ती नोकरी करते. पण रोज सकाळी अर्धा तास रियाज करते, आणि तंबोरा मी छेडते. सासूबाई देवपूजा आटोपून दाराशी येऊन बसतात. एखाद्या दिवशी तंबोरा लागला नाही तर, "आज का गं गप्प?" असे त्याच विचारतात.

भगिनींनो, आपल्यातल्या कितीजणींचे गाणे शाळेबरोबर सुटले असेल! आपण पापड-लोणच्याला दुपार काढतो, तशी आठवड्यातून एक दुपार गाण्याला काढू या. सूर लागला नाही तरी कोणी हसणार नाही, कारण आपण सगळ्याच सारख्या. तंबोरा मी आणीन.