लिहिणं सोपं, पुसणं महाग

आजचा विषय हातात मावणाऱ्या एका जुन्या संगणकाचा आहे. पण त्याच्या वेगाबद्दल मी बोलणार नाही. तो माहिती कुठे ठेवायचा, एवढंच आज पाहायचं आहे, कारण त्याची सगळी गंमत तिथे आहे.

१९८४ साली लंडनच्या सायॉन कंपनीनं ‘ऑर्गनायझर’ बाजारात आणला. कंपनीचे संस्थापक डेव्हिड पॉटर, मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि पेशानं प्राध्यापक. यंत्राचा पडदा एका ओळीचा, १६ अक्षरांचा. आतली रॅम २ केबी, म्हणजे जेमतेम छापील पानभर मजकूर. १९८६ च्या ‘ऑर्गनायझर टू’मध्ये दोन ओळी आल्या आणि सीएम या मॉडेलला ८ केबी रॅम मिळाली.

रॅममध्ये लिहिणं-खोडणं सोपं, पण तिला सतत वीज लागते. या यंत्रात ९ व्होल्टची एकच चौकोनी बॅटरी. ती बदलताना रेंगाळलात की पत्ते, भेटीगाठी, हिशेब सगळं साफ. डिस्क बसवावी तर तिला मोटर हवी, आणि एवढ्याशा बॅटरीवर मोटर कुठली चालायला! म्हणून सायॉननं यंत्राच्या पाठीत दोन खाचा ठेवल्या आणि त्यांत बसणारे ‘डेटापॅक’ विकायला काढले. आतली रॅम म्हणजे ए, खाचांतले पॅक म्हणजे बी आणि सी.

डेटापॅकच्या पोटात ईप्रॉम चिप असे. तिचा शोध इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी लावला, १९७१ च्या सुमारास. चिपमधल्या प्रत्येक बिटापाशी चहूबाजूंनी विद्युतरोधकानं बंद केलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. चढा दाब दिला की इलेक्ट्रॉन त्यात शिरतात आणि अडकून पडतात. १ चा ० होतो. वीज गेली तरी ते तिथेच राहतात, वर्षानुवर्षं. हा दाब २१ व्होल्टचा, आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीतून यंत्रालाच निर्माण करावा लागे. त्यामुळे पॅकवर लिहिताना बॅटरी भराभर उतरायची.

खरी अडचण पुढे आहे. १ चा ० करता येतो, पण ० चा पुन्हा १ विजेनं होत नाही. मग एखाद्याचा फोन नंबर बदलला तर काय करायचं? सायॉनच्या अभियंत्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीपाशी तिचा प्रकार सांगणारा एक बाइट असे आणि चालू नोंदीत त्याचा पहिला बिट १ असे. तुम्ही ‘इरेज’ म्हटलंत की यंत्र फक्त तेवढा बिट ० करी. नोंद जागच्या जागी तशीच; फक्त शोधताना यंत्र तिच्याकडे काणाडोळा करी. वाण्याच्या चोपडीत शाईनं लिहिलेल्या ओळीवर काट मारावी, तसं. एक आकडा दुरुस्त केला तरी जुन्या नोंदीवर काट आणि शेवटी सबंध नवी नोंद. पत्ता ८० अक्षरांचा धरला तर ८ केबीच्या पॅकमध्ये शंभरेक पत्ते मावतील. पण त्यातला एकच पत्ता शंभर वेळा सुधारलात तरी पॅक भरलाच.

मग पॅक कोरा करायचा. त्यासाठी फॉर्मेटर नावाची वेगळी पेटी मिळे आणि तिच्यात अतिनील दिवा. ईप्रॉमवर क्वार्ट्झची इवलीशी खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण आत गेले की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सगळे बिट पुन्हा १ होतात. सगळे! हवं ते ठेवून नको ते पुसणं तिथे नाही. म्हणून आधी चालू नोंदी दुसऱ्या खाचेतल्या पॅकवर उतरवून घ्यायच्या.

ज्यांना हा खटाटोप नको, त्यांच्यासाठी रॅमपॅक होता. त्याच्या आतच छोटी बॅटरी, आणि खोडणं सहज. माझं मत विचाराल तर रोजच्या टिपणांना तो बरा, पण वर्षभर जपायच्या यादीसाठी मी डेटापॅकच घेतला असता. पुसायला अवघड असणं हा दुकानदाराच्या दृष्टीनं गुणच. मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या मोठ्या साखळीनं हे यंत्र आपल्या दुकानांत वापरलं. रोज हाताळल्या जाणाऱ्या यंत्रातला, डेटापॅकवर ठेवलेला प्रोग्राम चुकूनही कुणाच्या हातून पुसला जाऊ नये, असंच कुठल्याही दुकानाला वाटणार.

१९९१ च्या ‘सीरीज थ्री’मध्ये फ्लॅश चिपांची कार्डं आली. फ्लॅश विजेनंच पुसता येते, दिव्याची गरज नाही. पण तीही सुट्या बिटानं पुसली जात नाही, मोठा ठोकळाच एकदम पुसावा लागतो. त्यामुळे त्या कार्डांवरही खोडलेल्या नोंदीची जागा फॉर्मेट करेपर्यंत अडूनच राही.

तुमच्या खिशातल्या फोनमध्येही फ्लॅशच आहे. फरक इतकाच की काट मारणं, चालू मजकूर दुसरीकडे हलवणं आणि ठोकळे पुसणं ही कामं आतला कंट्रोलर सवडीनं, तुम्हाला न सांगता करतो. फोटो डिलीट केल्याक्षणी तो चिपवरून जाईलच असं नाही. तेव्हा जुना फोन विकण्याआधी नुसते फोटो उडवून थांबू नका. हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या, मग फॅक्टरी रीसेट करा, आणि त्यानंतरच तो दुसऱ्याच्या हातात द्या.