रेणूचं कडं उघडताना: पहिले ८० फेमटोसेकंद

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

उन्हात बसलं की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण त्यात नेमकं घडतं काय? त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंड रेणूत सहा कार्बन अणूंचं एक कडं असतं. उन्हातला अतिनील प्रकाश त्याने शोषला की ते कडं एका जागी तुटतं आणि उघडतं. पुढचं काम शरीराच्या उष्णतेने, सावकाश, काही तासांत होतं. पहिलं पाऊल मात्र अफाट वेगाने पडतं. ते कुणी पाहिलंय का, आणि ‘पाहिलं’ म्हणजे काय, हा आजचा विषय.

आधी वेग समजून घेऊ. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, आणि त्यातल्या एकाचे हजार. हा झाला एक फेमटोसेकंद. कडं उघडायला असे साधारण ८० लागतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीच्या जेमतेम एक तृतीयांश अंतर जातो. कुठलाही कॅमेरा, कुठलंही शटर इथे उपयोगाचं नाही.

दुसरी अडचण आकाराची. दोन कार्बन अणूंमधलं अंतर ०.१५ नॅनोमीटरच्या आसपास, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्याने अणूंच्या जागा कशा कळणार? क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र या अंतराएवढी असू शकते. ते रेणूवर पडले की इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात. पाण्यात शेजारी-शेजारी दोन खडे टाकले की तरंग एकमेकांत मिसळून नक्षी उमटते ना, तसंच. अणूंच्या प्रत्येक जोडीतल्या अंतराची खूण त्या विकिरणाच्या नक्षीत राहते. अंतर बदललं की नक्षी बदलते.

आता तिसरी अडचण, आणि मला ही सगळ्यात रंजक वाटते. कढईत लाह्या फुटताना बघा. एक आत्ता, दुसरी थोड्या वेळाने. सगळ्या लाह्यांचा मिळून फोटो काढला तर काहीच धड कळणार नाही. उष्णतेने होणारी अभिक्रिया अशीच असते. प्रकाशाने सुरू होणारीचं तसं नाही. लेझरचा एक अतिशय आखूड स्पंद सोडला की ज्या रेणूंनी तो शोषला, त्या सगळ्यांची शर्यत एकाच क्षणी सुरू होते. त्यानंतर ठरावीक फेमटोसेकंदांनी क्ष-किरणांचा स्पंद सोडायचा आणि नक्षी टिपायची. मग ताजा वायू, नवा स्पंद, थोडं वेगळं अंतर. असं हजारो वेळा. म्हणजे एकाच रेणूचा हा चित्रपट नाही. प्रत्येक चौकटीत नवे नट आहेत, फक्त सगळ्यांनी एकाच टाळीला सुरुवात केलेली आहे.

कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत असे स्पंद देणारा क्ष-किरण लेझर २००९ साली सुरू झाला. तिथे ब्राउन विद्यापीठातले पीटर वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाचा मोठा रेणू न घेता, त्यातल्या कड्यासारखंच कडं असलेला छोटा रेणू निवडला, सायक्लोहेक्झाडायीन. २०१५ साली त्यांनी त्याचं कडं उघडतानाच्या विकिरणाच्या नक्ष्या प्रसिद्ध केल्या. दोन लेझर दरवेळी अगदी ठरल्या वेळी पोचत नाहीत, मागेपुढे होतात. म्हणून प्रत्येक वेळचा खरा फरक मोजायचा आणि नोंदी नंतर त्या क्रमाने लावायच्या.

बातम्यांत याला ‘रेणूचा चित्रपट’ म्हटलं गेलं. इथे थोडं थांबू. पडद्यावर रेणू दिसत नाही. दिसतात फिकट गोलाकार पट्टे. बहुतेक रेणूंना प्रकाश लागलेलाच नसतो, म्हणून लेझरशिवायची नक्षी वजा करावी लागते, आणि उरतो तो फरक बारीक असतो. त्यावरून अणू कुठे होते हे थेट वाचता येत नाही. संगणकावर रेणूच्या अनेक संभाव्य वाटा काढायच्या, प्रत्येकीची नक्षी गणिताने मांडायची आणि मोजलेल्या नक्षीशी कुठल्या जुळतात ते तपासायचं. म्हणजे चित्रपटातला काही भाग मोजलेला आहे आणि काही भाग गणिताचा. दोन्ही लागतात, पण कुठला कोणता हे ऐकणाऱ्याला सांगायलाच हवं.

म्हणूनच दुसऱ्या साधनाने पडताळणी महत्त्वाची. क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरता येतो. त्यांचं विकिरण कितीतरी जास्त होतं. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे स्पंद लांबतो. त्यांना प्रकाशाच्या वेगाजवळ नेलं की हा त्रास कमी होतो. २०१९ साली स्लॅकमध्येच या पद्धतीने हाच रेणू तपासला गेला. कडं उघडतं, आणि उघडलेली साखळी नंतरही एकेरी बंधांभोवती फिरत राहते, हे त्यात दिसलं. काही रेणू उत्तेजित होऊनही परत मूळ कड्यात येतात.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. वुडवर्ड आणि हॉफमन यांनी १९६५ साली नियम मांडले, की अशा कड्याची दोन टोकं प्रकाशाने उघडताना एकाच दिशेने वळतील आणि उष्णतेने उघडताना विरुद्ध दिशांनी. हॉफमन यांना १९८१ साली नोबेल मिळालं. हे नियम सुरुवातीला काय होतं आणि शेवटी काय मिळालं यावर तपासले गेले होते. मधली वाट कागदावरच होती. आता ती मोजता येते. प्रकाश शोषल्यावर एखादा रेणू तुटतो, एखादा नुसता तापून शांत होतो, हे त्या वाटेवरच ठरतं. डोळ्यातलं दृष्टीचं रसायन असो की उन्हात टिकणारा रंग, प्रश्न हाच आहे.

२०२३ मध्ये स्लॅकचा सुधारित लेझर सुरू झाला. आधी सेकंदाला १२० स्पंद मिळत, नव्याची क्षमता दहा लाखांपर्यंत आहे. नोंदी वाढल्या की तो बारीक फरक ठळक होईल, आणि गणितावर टाकलेला भार थोडा हलका होईल. पुढच्या वेळी ‘रेणूचा चित्रपट’ अशी बातमी वाचलीत, तर त्यातलं मोजलेलं किती, हे जरूर शोधा. प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ.