हाडांची पुंजी

मुलगी वयात आली की घरात तिच्या उंचीची, रंगाची चर्चा होते. हाडांची होत नाही. पाळी येण्याच्या आगेमागे हाडांत कॅल्शियम सर्वाधिक वेगाने साठते. अठराव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के भरणा होऊन जातो. पाळी गेल्यावर बाई याच पुंजीतून खर्च करते.

खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे. ते अन्नातून थोडेच मिळते, त्वचेवर ऊन पडल्यावर तयार होते. मग आपल्याकडे उन्हाला काय तोटा? पण सकाळी सातचे कोवळे ऊन यासाठी फारसे कामाचे नाही आणि अकरा ते दोन मुलगी वर्गात असते. काचेतून आलेले ऊनही निरुपयोगी. शिवाय स्कूटरवर स्कार्फ नि हातमोजे. पुण्यात तर तो गणवेशच!

पुण्यातल्याच गरीब वस्तीतील मुलींना वर्षभर ‘ड’ जीवनसत्त्व देऊन केलेला एक छोटा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांना लाभ दिसला तो मुख्यतः पाळी येऊन दोन वर्षे न झालेल्या मुलींत. म्हणजे गोळीची गरज असेल तर ती वेळेवर हवी.

मात्र ती डॉक्टरांना विचारूनच. रोजची गरज ६०० युनिटांची. दुकानातली पुडी ६० हजारांची असते. आठवड्याची पुडी कुणी रोज घेतली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडू शकतात. आणि ताटात नाचणी, तीळ, दूध-ताक नसेल, तर नुसती गोळी हाडांत काय भरणार? शाळांनी मधल्या सुट्टीत मुलींना वर्गात बसू देऊ नये, मैदानावर पिटाळावे.